न घेतलेली माफी

शांतवनला पुरलं त्या दिवशी त्याच्या आईनं, एस्तेरबाईनं, कबरीजवळच सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "म्या जानरावले माफ केलं." पाळकसाहेबांचे डोळे भरून आले. शालूला मात्र सासूच्या तोंडावर हात दाबून धरावासा वाटला.

शालू आणि तिचा नवरा शांतवन, दोघंही अंजनगाव सुर्जीजवळ जानरावच्या शेतात मजुरीला जात. त्या साली कपाशीची पऱ्हाटी डोक्याच्या वर वाढली होती आणि अळी काही केल्या मरत नव्हती. जानरावनं दोन-तीन औषधं एकत्र कालवून शांतवनला फवारायला दिली. फवारा वरूनच त्याच्या अंगावर पडत होता. दुपारी तो शेताच्या धुऱ्यावर येऊन जानरावला म्हणाला, "भाऊ, डोयापुढं अंधारी येऊन राहिली."

"एवढ्या ओळी आटप, मंग जा," जानराव म्हणाला.

शालू तिथंच तण निंदत होती. तिनं ते ऐकलं. शांतवननं ओळी आटपल्या आणि घरी येताच कोसळला. अमरावतीच्या दवाखान्यात तसे कितीतरी फवारणीवाले आणलेले होते. बरेच जण घरी गेले. शांतवन गेला नाही.

तेव्हापासून चर्चमध्ये प्रभूची प्रार्थना सुरू झाली की इतरांना क्षमा करण्याच्या ओळीवर शालूचे ओठ मिटायचे. एस्तेरबाईला ते दिसायचं. रोज दिवा लागला की ती म्हणे, "पोरी, तूही मोकळी हो. माह्ये गुडघे धड असते तर मीच गेली असती. जाऊन सांग त्याले."

नाताळ जवळ आला तशी शालू थकली आणि एका सकाळी गेली.

जानराव अंगणात कापसाची गंजी झाकत होता. "भाऊ," ती म्हणाली, "आईनं तुमाले माफ केलं. मीही करतो, हे सांगाले आली."

जानराव एकदम ताठ झाला. "कायची माफी? म्या काय केलं? सारा गाव फवारते. त्याचीच तब्येत नाजूक होती."

"तो अंधारी येते म्हणाला होता. मी ऐकलं."

"कोणी पाठवलं तुले? त्याच्या मरणाची चौकशी चालू हाय. म्या माफी घेतली म्हंजे गुन्हा कबूल केला, असंच ना? जाय घरी."

आतून त्याच्या बायकोनं डोकावलं आणि दार लोटून घेतलं.

घरी एस्तेरबाई उंबऱ्यातच बसली होती. "काय म्हणाला?"

तिचं तोंड बघून शालूनं सांगून टाकलं, "रडला, आई. चुकलं म्हणाला."

म्हातारीनं हात जोडले. त्या दिवशी तिनं पोटभर भाकर खाल्ली, झोपलीही. शालूला वाटलं, खोटं का होईना, कामी आलं.

पण चार दिवसांनी म्हातारी म्हणाली, "नाताळले जानरावले जेवाले बोलाव. शांतवनच्या जागी बसवू त्याले."

शालूच्या हातातलं पीठ तसंच राहिलं. मग तिनं खरं सांगितलं, सगळं, चौकशीपासून लोटलेल्या दारापर्यंत.

एस्तेरबाई रागावली नाही. चुलीतलं लाकूड तिनं मागं ओढलं. मग म्हणाली, "मंग म्या कोणाले माफ केलं, शालू?"

शालू पुन्हा पीठ मळू लागली.

म्हातारी भिंतीकडे तोंड करून निजली. नाताळच्या सकाळी चर्चची घंटा वाजली तरी उठली नाही. "तू जाय," म्हणाली. "मले आता त्याच्याशी बोलाले काई नाई." ती जानरावबद्दल नाही, देवाबद्दल बोलत होती.

शालू दारापर्यंत गेली आणि परत फिरली. बाहेर पोरं नव्या कपड्यांत पळत होती. ती सासूच्या अंथरुणाशी बसली, तिचे सुजलेले गुडघे मांडीवर घेतले आणि तेल चोळू लागली. चोळता चोळता तिनं मोठ्यानं प्रभूची प्रार्थना सुरू केली, अडखळत, मध्येच शब्द विसरत. कोणी ऐकतंय असं तिला वाटत नव्हतं. सासूनं आमेन म्हटलं नाही. पण पायही ओढून घेतले नाहीत.