काचेच्या खोलीतला तक्ता

मित्रांनो, मी एक जुना तक्ता आहे. तशी मला छापून फार वर्षं झालेली नाहीत. पण ज्याच्याकडे कुणी बघत नाही, ते लवकर म्हातारं होतं. डॉक्टरांनी आणि सिस्टरांनी काय करावं, काय करू नये, हे लिहून दवाखान्याच्या भिंतीवर टांगतात ना, तसला मी. लोक मला 'मार्गदर्शक सूचना' म्हणतात. भारदस्त नाव दिलं की ऐकायची गरज उरत नाही, असं त्यांना वाटत असावं.

माझा जन्म काही असातसा नाही, बरं का. वेळेआधी जन्मलेली, मुठीएवढी बाळं जगवायची कशी, या एका प्रश्नासाठी मोठमोठी डॉक्टर मंडळी लांबलचक टेबलाभोवती बसली होती. देशोदेशीच्या दवाखान्यांतून माहिती गोळा झाली होती. काही बाळं ऊब देणाऱ्या यंत्रात ठेवलेली, काही जन्मल्यापासून आईच्या उघड्या छातीशी. कोणती जगली आणि कोणती गेली, सगळं नीट मोजलेलं. पांढऱ्या मिशांचे एक प्राध्यापक हट्टाला पेटले होते. "आधी यंत्र, मग आई! जन्मभर हेच करत आलोय मी." समोरच्या डॉक्टरबाईंनी आवाज चढवला नाही. सगळे कागद त्यांच्यापुढे सरकवले आणि म्हणाल्या, "सर, घरी नेऊन वाचा." पुढच्या बैठकीला प्राध्यापक आले ते पडलेल्या चेहऱ्यानं. "आईजवळची जास्त जगलीत," ते म्हणाले. "माझं चुकत होतं. लिहा तसं." एवढ्या मोठ्या माणसानं मान तुकवली, तेव्हा कुठे माझं पहिलं वाक्य तयार झालं: बाळ जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी द्यावे व जास्तीत जास्त वेळ तेथेच ठेवावे.

खाली एका आईचं चित्र काढलं, वरून प्लॅस्टिक चढवलं आणि मला गुंडाळून एका दवाखान्यात पाठवलं. तिथे माझं काय कौतुक झालं म्हणून सांगू! दवाखान्याच्या मोठ्या साहेबांचं भाषण, टाळ्या, चहा, बिस्किटं. नव्याचे नऊ दिवस म्हणतात. माझ्या वाट्याला एक दुपार आली. मग मला काचेच्या खोलीत टांगलं. नाजूक बाळांची ती खोली. आणि तिच्या दारावर काय पाटी होती, ठाऊक आहे? 'आईवडिलांना आत प्रवेश नाही.' हसा, हसा. बाळ आईजवळ द्या, हे सांगणारा मी आत, आणि आया सगळ्या बाहेर बाकावर. वाटीत दूध काढायचं, छोट्या खिडकीतून आत सरकवायचं आणि काचेला नाक लावून बघत बसायचं, एवढाच त्यांचा हक्क.

हा नियम मोठ्या सिस्टरांचा. त्या दुष्ट होत्या, असं मी म्हणणार नाही. म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. एकदा दवाखान्यात साथ आली होती, बाळामागून बाळ जात होतं. तेव्हा त्यांनी दार लावून घेतलं आणि साथ थांबली. दारामुळेच थांबली की आणखी कशानं, हे कुणी तपासलं नाही. पण त्यांनी ते स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं, आणि असं बघितलेलं माणूस सहजासहजी सोडत नाही. रोज माझ्यावरून फडकं फिरवायच्या त्या, अगदी मायेनं. वाचायचं मात्र राहून जायचं.

एकदा तिथे एक मुलगी जन्मली. इतकीशी, की सिस्टरांनी तिचं नाव चिमणी ठेवलं. तिची आई कपड्यांच्या कारखान्यात शर्टांच्या कॉलरी शिवायची. बाई मोठी चिवट. टाके ओले असतानाही बाकावरून उठून काचेशी यायची. सोबत तिची वहिनी असायची, जिभेनं तिखट. "अहो सिस्टर, आम्ही काय चोर आहोत का? आमचंच पोर बघायला आम्ही तिकीट काढायचं का आता?" आतून उत्तर यायचं, "जंतू येतात बाई बाहेरून."

बाहेरून म्हणे! आत ऊब देणारी दोन यंत्रं, त्यातलं एक बंद. चालू यंत्रात तीन-तीन बाळं शेजारी शेजारी, बाजारातल्या भेंड्यांसारखी. चिमणी त्यातच, कडेला. तिचे पाय कायम गार असायचे.

दवाखान्यात नव्यानंच आलेल्या एक डॉक्टरबाई तेवढ्या मला वाचायच्या. त्यांनी साहेबांना सांगून पाहिलं. साहेब म्हणाले, "कल्पना उत्तम आहे. पुढच्या बैठकीत मांडू." पालथ्या घड्यावर पाणी! ती बैठक अजून व्हायचीच आहे.

आणि मग तपासणी आली. माझ्यावर लिहिलंय तसं दवाखान्यात चालतं की नाही, हे बघायला वरून माणसं येणार होती. काय धावपळ उडाली, मित्रांनो! सकाळीच दारावरची पाटी निघाली. चिमणीच्या आईला हाक गेली. हात धुवायला लावले, स्वच्छ झगा दिला, माझ्याच खाली खुर्ची मांडली आणि चिमणीला तिच्या उघड्या छातीशी ठेवून वरून दुलई घातली.

मी तोवर हे फक्त छापील जाणत होतो. त्या दिवशी बघितलं. चिमणी आधी थोडी चुळबुळली, मग गाल टेकवून गप्प झाली. धापा टाकणारा तिचा श्वास संथ झाला. आई हलेना, नुसती रडत होती. नव्या डॉक्टरबाईंनी तळव्याला हात लावला आणि म्हणाल्या, "पाय गरम झालेत हो हिचे!" मोठ्या सिस्टरही वाकून बघत राहिल्या. मला वाटलं, झालं. आता कुणी काय बोलणार?

पाहुण्यांनी फोटो काढले, शाबासकी दिली आणि ते जेवायला गेले. पावलांचा आवाज जिन्याखाली गेला तशा मोठ्या सिस्टर भानावर आल्या.

"चला, झालं. द्या तिला इकडे."

"अजून थोडा वेळ ठेवू का?"

"नाही हो. नियम आहे."

"आत्ता तर नव्हता," आई म्हणाली.

नव्या डॉक्टरबाई मध्ये पडल्या. "सिस्टर, राहू द्या ना. कशी छान झोपलीय."

"तुम्ही वर्षभरात बदली होऊन जाल, डॉक्टर. काही झालं तर लोक मला विचारतील."

डॉक्टरबाई तशाच साहेबांकडे धावल्या आणि हिरमुसून परत आल्या. साहेब म्हणाले होते, "अहो, तपासणीत आपण पास झालोय. आता अडचण काय आहे?"

दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, दुसरं काय! चिमणी परत यंत्रात गेली. पाटी परत दारावर चढली.

त्याच आठवड्यात यंत्रातल्या मधल्या बाळाला ताप भरला. दार बंद होतं, पाटी जागेवर होती, तरी भरला. त्याच्यामागून चिमणीला. औषधं झाली, सुया झाल्या, मोठ्या सिस्टर घरी न जाता तिच्या उशाशी बसून राहिल्या. भर दुपारी चिमणी गेली.

तेव्हा आईला आत बोलावलं. हात धुवायला कुणी सांगितलं नाही. चिमणीला कपड्यात गुंडाळून तिच्या हातात दिलं. निघताना ती माझ्यासमोर थांबली. तपासणीच्या दिवशी मी तिच्या पाठीशी होतो, म्हणून तिनं मला वाचलं नव्हतं. आता तिनं सावकाश, एकेक शब्द लावत, पहिलं वाक्य वाचलं. पुन्हा वाचलं.

"सिस्टर," ती म्हणाली, "हे तुम्हाला माहीत होतं?"

मोठ्या सिस्टरांनी फडकं उचललं आणि माझी कड पुसायला घेतली. आई चिमणीला छातीशी घेऊन निघून गेली.

त्या प्रश्नानं तरी काही घडेल, अशी वेडी आशा मला होती. आणि घडलं की! दुसऱ्या दिवशी साहेबांनी हुकूम काढला, "तो तक्ता तिथून हलवा. नातेवाईक वाचतात." मोठ्या सिस्टरांनी मला स्वतःच्या हातांनी उतरवलं. पण पाटीला त्यांनी हात लावला नाही.

आता मी अडगळीत मोडक्या पलंगांमागे आहे. माझ्यासारखे आपलं मनोगत सांगतात आणि शेवटी म्हणतात, आम्हाला जपा, आमची धूळ झटका. मला नको ते. बसू दे धूळ. चौकट नको, टाळ्या तर मुळीच नकोत. त्या बाकावर आज दुसरी कुणीतरी बसलीय, हातात दुधाची वाटी घेऊन. मित्रांनो, मोठे झालात आणि एखाद्या दाराची मूठ तुमच्या हाती आली, तर माझी काळजी करू नका. तिला आत घ्या.