उजवीकडची खोली

मी एक जुना नकाशा आहे. शेताचा नाही, गावाचा नाही, तर एका मोठ्या प्रवासी जहाजातल्या खोल्यांचा! आता तुम्ही म्हणाल, जिथून समुद्र दिवसभराच्या वाटेवर, त्या गावात जहाजाच्या नकाशाचं काय काम? हसा मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहून सगळेच हसायचे.

मुंबईच्या एका छापखान्यात माझा जन्म झाला. तिथून मी औरंगपुऱ्यातल्या एका ट्रॅव्हल्सच्या लहानशा ऑफिसात आलो. मला प्लायवर चिकटवून भिंतीवर टांगलं. जहाजाचं टोक वर, शेपूट खाली आणि दोन्ही अंगांना चौकोनी खोल्याच खोल्या. ऑफिस सांभाळणारी अनसूया माझ्यावर पट्टी टेकवून लोकांना समजावायची. मधली खोली घ्या, तिथं हेलकावे कमी. नाचाच्या हॉलखालची नको, झोप यायची नाही. या खिडकीसमोर होडी टांगलेली असते, समुद्राऐवजी होडीचं बूड बघत बसाल. लोक माना डोलवायचे. काही मात्र भलतेच! एका गृहस्थांनी तर खोलीतला संडास ईशान्येला नको म्हणून तासभर बिचारीचं डोकं खाल्लं. मला तेव्हा फार मिजास होती. माझ्यावर बोट ठेवल्याशिवाय कुणाचं जहाजात पाऊल पडत नव्हतं ना!

एके दिवशी सकाळी सिल्लोडहून रामकिसन आणि त्यांच्या पत्नी द्वारकाबाई आले. रामकिसन सरकारी मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. छत्तीस वर्षं त्यांनी शेतांच्या हद्दी मोजल्या होत्या. द्वारकाबाईंना काचबिंदू होता. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, नजर वर्षभर टिकली तर टिकली. त्याच दवाखान्यातल्या कॅलेंडरवर त्यांनी थेट समुद्रात उतरलेला बर्फाचा डोंगर पाहिला होता. जन्मात नवऱ्याकडं काही न मागितलेल्या त्या बाईनं तेवढंच मागितलं.

"डोळं जायच्या आदी एवढा डोंगर बघायचा बाई मला," त्या अनसूयेला म्हणाल्या.

"बघाल की, काकू!" अनसूया म्हणाली. "जहाज नॉर्वेच्या किनाऱ्यानं उत्तरेला जातं आणि त्याच किनाऱ्यानं परत येतं. डोंगर पूर्वेच्या बाजूला आहेत." एवढ्यात फोन वाजला आणि ती तिकडं वळली.

रामकिसन चष्मा पुसून माझ्यासमोर उभे राहिले. "नकाशात वर उत्तर. म्हंजी उजवीकडं पूर्व. डोंगर पूर्वेला. झालं, उजवीकडची खोली धरा."

द्वारकाबाईंनी भीत भीत डावीकडच्या एका खोलीवर बोट ठेवलं. "अहो, पण येताना? सिल्लोडच्या यष्टीत जाताना डोंगर ज्या अंगाला दिसतो, येताना तो दुसऱ्या अंगाला असतो की."

"अगं, जमीन कधी जागची हलती व्हय? जलम गेला माझा नकाशे वाचण्यात. तू मला शिकवती?" ते हसले. प्रेमानंच हसले. आणि बायकोचं बोट उचलून त्यांनी उजवीकडं ठेवलं.

मित्रांनो, जमीन हलत नाही हे खरं. पण जहाज वळतं हो! मला तोंड असतं तर मी ओरडून सांगितलं असतं. हे जहाज जाताना खोल समुद्रातून जातं आणि येतानाच डोंगर डाव्या हाताला ठेवून किनाऱ्याजवळून येतं, हे अनसूयेच्या टेबलावरच्या माहितीपत्रकात लिहिलेलं होतं. पण काकांचा ठाम आवाज ऐकून तिनं ते उघडलंच नाही. खोली पक्की झाली.

तीन-चार महिन्यांनी दोघं पुन्हा आले. द्वारकाबाईंनी नवऱ्याचा दंड धरला होता आणि उंबऱ्यापाशी त्या पायानं चाचपत होत्या. नजर गेली होती. अनसूयेनं घाईघाईनं खुर्ची पुढं केली.

जहाजावर दुसऱ्याच दिवशी द्वारकाबाईंना ताप भरला होता. तिथल्या डॉक्टरनं खोलीबाहेर पडायचं नाही म्हणून बजावलं. मग त्या खिडकीशी बसून राहिल्या. जाताना नुसतं पाणी. येताना तरी दिसेल म्हणून डोळे ताणले, तर येतानाही पाणीच. आणि पलीकडच्या बाजूनं लोकांचा गलका, टाळ्या.

"चूक माझी हाय, पोरी. तुझी नाय," रामकिसन म्हणाले.

"झालं ते झालं," द्वारकाबाई म्हणाल्या. "मी यांना म्हणलं व्हतं, तुम्ही तरी पलीकडं जा. डोळं भरून बघून या अन् मला सांगा. पण हे धड सांगतच नाहीत. इचारलं की म्हणतात, मोठा डोंगर व्हता. बस, तेवढंच! तू सांग बाई, कसा असतो?"

अनसूयेनं मान खाली घातली. "काकू, मी तिकडं कधी गेलेच नाही. मी अजून साधा समुद्रसुद्धा पाहिलेला नाही."

मग रामकिसनच सांगू लागले, "पांढरा व्हता... जरासा निळा..." आणि अडकले. उभ्या आयुष्यात त्या माणसानं कागदावर एक खोटं माप लिहिलं नव्हतं.

"मी गेलोच नाय पलीकडं," ते म्हणाले. "जिन्यात बसलो व्हतो. तू खोलीत पडलेली, अन् मी एकट्यानं काय बघू?"

द्वारकाबाईंनी त्यांच्या आवाजाकडं तोंड वळवलं. त्या रागावतील, नाहीतर समजूत तरी काढतील, असं मला वाटलं. त्या हळूच म्हणाल्या, "मग आता कुणीच बघितला नाय की हो."

रामकिसन तोंडावर उपरणं घेऊन हुंदके देत रडले.

आता लोक मोबाइलवरच खोल्या निवडतात. मी कपाटामागं पडलोय, कडा वाळवीनं खाल्ल्यात. मला जपा, असं मी म्हणणार नाही. माझं काय, कागदच तो. पण मित्रांनो, आपलं माणूस काही बघायला निघालं असेल, तर खिडकी त्याला निवडू द्या. आणि ते बघणं त्याच्या नशिबात नसलं, नि त्यानं तुम्हाला धाडलं, तर रडत रडत का होईना, पण जा आणि नीट बघून या.