मागच्या खुर्चीपर्यंत

काशीबाईनं सकाळपासून चार वेळा दार उघडून गल्लीत बघितलं. चारही वेळा हरेशची रिक्षा आलेली नव्हती. पाचव्यांदा तिनं दार उघडंच ठेवलं आणि चपला घालून उंबऱ्याशी बसली. आज गुरुवार. शनिवारी शिवाच्या लेकीची, निशिगंधाची हळद. मध्ये एकच दिवस, आणि अँप्लिफायरचा अजून पत्ता नव्हता.

शिवा आणि हरेश हे तिच्या भावाचे मुलगे. थोरला शिवा करावे गावात चाळीच्या भाड्यावर आरामात जगतो. धाकटा हरेश रिक्षा चालवतो आणि लग्नसराईत बँजो पार्टीत गिटार वाजवतो. काशी स्वतः धवलारीण. आगऱ्यांच्या घरी हळद लागते तेव्हा धवला गाऊन सगळ्यांना बोलावणं करायचं काम तिचं. आधी देव, मग गाव, मग नातेवाईक. ती ज्याचं नाव घेईल त्यानं उठून यायचं, नवरीला हळद लावायची, मग पुढचं नाव. नावं संपली की धवला संपला.

गेल्या महिन्यात शेजारच्या आळीत तिचा धवला अर्धाच राहिला होता. मांडव मोठा, दोनशे खुर्च्या, वर गरगरणारे पंखे. तिनं नवरदेवाच्या मामाचं नाव तीनदा घेतलं. मामा मागच्या खुर्चीत मोबाइल बघत बसलेला, त्याला ऐकूच गेलं नाही. बायका आपापसात बोलायला लागल्या. शेवटी घरधनी वाकून म्हणाला, "काकी, झालं ना? डीजेवाला थांबलाय." आणि तिच्या हातात नारळ ठेवला. सोळा नावं राहिली होती. त्या दिवसापासून जेवताना, भांडी घासताना ती सोळा नावं तिच्या तोंडात येत होती आणि घास कडू होत होता.

आता तर माहेरची हळद. शिवानं आधीच सांगून टाकलं होतं, "आत्या, तुजा मान हाय, पन पंधरा मिनटां हां. डीजेला रातच्या धा वाजता बंद करायला लागतं."

"माजा आवाज मागं जात नाय रं."

"मग डीजेचा माइक घे."

"त्याचं बटन त्याच्या हातात. मना नको."

माहेरीही धवला अर्धा राहिला तर पुढं कुणी बोलावणार नाही, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

हरेशचा जुना अँप दोन महिन्यांपूर्वी धूर सोडून बंद पडला होता. तेव्हा दोघांनी ठरवलं. चार हजार तिचे, चार त्याचे. जुना घ्यायचा, पण असा घ्यायचा की हळदीला गिटार दणक्यात वाजली पाहिजे, रविवारी तो खारघरच्या कॅफेत हळू गाणी वाजवतो तिथंही शोभला पाहिजे, आणि आत्याचा माइकही त्यातच लागला पाहिजे. नेरूळच्या दुकानात नवा बघितला होता. किंमत ऐकून दोघं पाणी पिऊन परत आले होते.

रिक्षा आली. मागच्या सीटवर काळ्या पिशवीत गिटार. काशी आत शिरली आणि गिटार मांडीवर घेऊन बसली.

"कवाची वाट बघतंय मी! कनाला इतका उशीर?"

"सीएनजीच्या लायनीत होतो, आत्या. टेन्शन घेऊ नको."

"तू नाय घेत म्हनून मना घ्यायला लागतं."

पहिली जागा तुर्भ्याला. ट्रकांच्या रस्त्याला लागून बंडूचा गाळा होता. बंद पडलेले स्पीकर, मिक्सर, मंडळांचे भोंगे यांचा ढीग, आणि ढिगाच्या मध्ये बनियनवर बंडू. त्यानं एक मोठा काळा खोका पुढं ओढला.

"साठ वॅट. बोलायचं काम नाय. मावशी, तुमी गानार? मग यात इको हाय. इको मारला की कोंबडा पन गवई होतो."

"मी कोंबडा हाय काय?" काशी म्हणाली.

"तसं नाय ओ मावशी!"

हरेश हसला नाही. तो कामाला लागला होता. त्यानं आधी जाळीला नाक लावून वास घेतला. जळकट वास नव्हता. मग काहीही न जोडता सगळी बटणं पूर्ण फिरवली आणि कान देऊन ऐकलं. गुंऽऽ असा आवाज येत होता. एक बटण फिरवताना खरखरलं. मग गिटार लावून त्यानं एक तार छेडली, सगळ्या तारा वाजवल्या, हळू वाजवल्या, जोरात वाजवल्या, आणि त्याचं तोंड आंबट झालं.

"आता माइक," काशी घाईनं म्हणाली.

बंडूनं माइक जोडला. काशीनं तो हातात धरला आणि थबकली. धवला गाऊन बघता येत नव्हता. तिला धवले शिकवणाऱ्या मुक्ताबाईनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, लग्न असेल त्याच घरी गायचं. कुणाचं लग्न नसताना गायलेला धवला म्हणजे रिकाम्या पाळण्याला झोका. चाळीस वर्षांत काशीनं तो नेम मोडला नव्हता. लोकांनी हौसेनं म्हण म्हटलं तरी नाही. मग ती माइकमध्ये नुसतीच बोलली. आपलं नाव, गावाचं नाव, आपल्या आईचं नाव.

आणि गाळा भरून गेला. तिचा आवाज एकाचा चार झाला, पत्र्यावर आदळून परत आला. अलीकडे शब्दाच्या शेवटी जो कंप यायचा तो कुठं गेला ते कळलंच नाही. काशीच्या अंगावर काटा आला. हा तर तिचा तिशीतला आवाज.

"कसला भारी!" बंडू म्हणाला. "काय बोलल्या ते नाय कळलं, पन आवाज बघा!"

"घे रं हरेश. योच घे."

"आत्या, जरा बाहेर ये."

बाहेर एक कंटेनर धडधडत पुढं गेला. मग हरेश म्हणाला, "माजी गिटार यात चिखलात पडल्यासारखी वाजते. आनि आतून गुणगुणतो तो. कॅफेत लावला तर लोक विचारतील, पिठाची गिरन चालू हाय काय."

"बंडू सहा हजारात देतो म्हनतो. दोन वाचतात आपले."

"खारघरला एक हाय. बघून येऊ. नाय पटला तर परत इथंच."

मागून बंडूनं हाक मारली, "पाचला दुसरी पार्टी येते हां! मग मना बोलू नका!"

तिथून काशीचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. सिग्नल लागला की ती रस्त्याला बोल लावायची. "किती वाजले?" तिनं बेलापूरपर्यंत सहा वेळा विचारलं. सातव्यांदा हरेशनं मोबाइलच तिच्या हातात दिला. "घे, तूच बघ."

"मना रागावू नको. तुजं एक काम गेलं तर दुसरं मिळंल. माजं काय?"

हरेशनं वेग वाढवला. त्यानं पुढची गाडी ओलांडली.

खारघरला चौदाव्या मजल्यावर फ्लॅट होता. गेटवर वॉचमननं फोन करून विचारलं, मग सोडलं. दार वैजयंतीबाईंनी उघडलं. पन्नाशीच्या, बँकेत नोकरीला, आज सुट्टीवर. त्यांच्या पार्थनं कॉलेजात असताना हा अँप घेतला, मग नोकरी लागून तो बेंगळुरूला गेला. अँप बाल्कनीच्या दाराशी होता आणि त्यावर मनीप्लँटची कुंडी ठेवलेली.

"पाणी नाही ना गेलं आत?" हरेशनं आधी कुंडी उचलली.

"छे हो, खाली ताटली ठेवते मी!"

बंडूच्या खोक्याच्या निम्मा. काशीनं तो बघितला आणि तिचं मन खट्टू झालं. एवढुसा डबा दोनशे खुर्च्यांना काय पुरणार? पण हरेश गुडघ्यावर बसून त्याच्याशी बोलल्यासारखा हात फिरवत होता. दोन भोकं, एक गिटारचं, एक माइकचं. दोघांची बटणं वेगळी. चाळीस वॅट. काही न जोडता सगळी बटणं फिरवली, तरी फक्त बारीक फुसफुस. गिटार लावली, तर खोलीत एकेक तार सुटी, स्वच्छ. मग त्यानं एक बटण दाबलं आणि तीच गिटार अशी फाटक्या आवाजात गरजली की वैजयंतीबाईंनी खिडक्या लावल्या.

"खालचे मेसेज टाकतील ग्रुपवर. प्लीज, हळू."

"काकू, किती सोडाल?"

"जाहिरातीत दहा लिहिलेत ना."

"आठच हायत. खोटं नाय सांगत, आत्याचे अर्धे हायत त्यात."

वैजयंतीबाईंनी काशीकडं बघितलं. आत्याबाई आणि गिटारचा अँप हे त्यांना जुळेना. काशीनं मग सांगितलं. हळद, धवला, मागची खुर्ची. वैजयंतीबाई ऐकत राहिल्या. "आमच्या मनालीचं पुढच्या आठवड्यात लग्न आहे. पण रजिस्टर. हळद नको, मांडव नको, म्हणाली. सह्या करायच्या आणि जेवायला जायचं." त्यांनी आतल्या बंद दाराकडं मान केली. "बसलीय आत, ऑफिसचं काम करत. बरं, आठ द्या. पार्थला मी सांगते."

"आत्या, माइक," हरेश म्हणाला. "मग ठरव."

काशीनं माइक घेतला. नुसतं बोलायचं म्हणून तोंड उघडलं आणि मिटलं. मघाशी बोलूनच बघितलं होतं, आणि बोलल्यानं काय कळलं? लग्नात ती बोलणार थोडीच होती. तिनं बंद दाराकडं बघितलं.

"ताई, हे लग्नघरच झालं ना?"

"म्हणजे... हो. लग्न आहेच."

"पोरीचं नाव मनाली. बापाचं?"

"अरविंद."

काशीनं डोक्यावर पदर घेतला. पाय सारखे केले. आणि हळू आवाजात धवला सुरू केला. देवांना हाक, खाडीला हाक. मग मांडवात नवरीला बोलावणं.

दोन ओळींतच तिला घाम फुटला. या डब्यानं काहीच झाकलं नव्हतं. कंप होता तसाच समोर आला. श्वास तुटत होता तो ऐकू येत होता. दात पडले तिथून निसटणारा वारासुद्धा. हा म्हातारीचा आवाज होता, आणि तो तिचाच होता. तिला माइक खाली टाकून तुर्भ्याला पळावंसं वाटलं. हरेशनं एक बटण किंचित डावीकडं नेलं, दुसरं उजवीकडं, आणि खुणेनं सांगितलं, चालू दे. तिनं नवरीचं नाव घेतलं. नवरीच्या बापाचं घेतलं.

आतलं दार उघडलं. कानातले इअरफोन हातात घेऊन एक मुलगी उभी होती.

"आई, कोण बोलवतंय मला?"

काशी थांबली.

"तुला काय ऐकू आलं?" तिनं विचारलं.

"माझं नाव. आणि बाबांचं. मी कॉलवर होते, तरी."

काशीला बंडू आठवला. काय बोलल्या ते नाय कळलं. चार आवाज झाले होते, पण तिच्या आईचं नाव त्यात बुडालं होतं. तिनं हरेशकडं बघितलं. त्यानं नजर बटणांवरच ठेवली. शहाणा होता.

"योच घे," ती म्हणाली. "पन थांब. आधी यो पुरा करते. अर्धा नाय सोडत आता कुठं."

वैजयंतीबाईंनी नातेवाइकांची नावं सांगितली आणि काशी गायली. लग्नासाठीची हळद नव्हती, तर बाईंनी डब्यातली स्वयंपाकाची हळद वाटीत कालवली. मनाली लॅपटॉप बाजूला ठेवून सोफ्याच्या कडेला अवघडून बसली होती. आईनं गालाला हळद लावली तेव्हा ती हसली आणि मग बराच वेळ तिनं गाल पुसला नाही.

"धवलारणीला नारळ लागतो," काशी शेवटी म्हणाली.

वैजयंतीबाईंनी फ्रिज उघडला, कपाटं उघडली. घरात नारळ नव्हता. खोबऱ्याच्या किसाचं एक पाकीट होतं. काशीनं ते दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावलं.

शनिवारी संध्याकाळी शिवाच्या दारातला मांडव भरला. एका अंगाला डीजेच्या पेट्या माणसाच्या उंचीच्या, आणि त्यांच्यापुढं खुर्चीवर ठेवलेला हा डबा. डीजेचा माणूस म्हणाला, "मावशी, यो टिफिन कोनाचा?" आणि चारजण हसले. काशीनं पदर खोचला. हरेशनं माइकच्या बटणाशी हळदीचं बोट टेकवून ठिपका काढला होता. "हे तुजं. दुसऱ्या कशाला हात लावू नको."

तिनं सुरू केलं. कंप आलाच. पुढं बसलेली एक बाई म्हणाली, "काशीकाकी थकली गं." काशीनं ते ऐकलं आणि पुढं गेली. देव झाले, गाव झालं. मग पहिलं नाव, नवरीच्या मामाचं. तो पार मागं, पार्किंगपाशी, कुणाशी तरी बोलत होता. तिनं दुसऱ्यांदा नाव घेतलं नाही. थांबली. मांडवात क्षणभर नुसता पंख्यांचा आवाज.

मामानं मान वळवली. "आलो, आलो!" म्हणत खुर्च्यांमधून वाट काढत आला आणि निशिगंधाला हळद लावली.

मग मामी. मग मधली काकी, जी भजी तळत होती ती पिठाच्या हातांनी आली. देवजी नावाचा म्हातारा काठी टेकत आला. त्याचं नाव कित्येक वर्षांत कुठल्या मांडवात कुणी घेतलेलं ऐकू आलं नव्हतं, असं तो सगळ्यांना सांगत आला. बायका आता बोलत नव्हत्या. पुढचं नाव कुणाचं याकडं कान लावून बसल्या होत्या, आपलं राहू नये म्हणून. मागून कुणीतरी ओरडलं, "वाढव आवाज!" काशीनं ठिपक्याचं बटण स्वतःच्या हातानं जरासं फिरवलं.

डीजेचा माणूस शिवाजवळ गेला. शिवानं घड्याळ बघितलं. बावीस मिनिटं झाली होती. त्यानं काशीकडं बघत हात वर केला आणि दोन बोटं एकमेकांवर आणली, आवर म्हणून.

काशीनं त्याच्याकडं सरळ बघितलं आणि धवल्यात त्याचं नाव घेतलं. नवरीचा बाप. बापाचा बाप. बापाची आई, जी आता नाही. एकेक अक्षर डीजेच्या पेट्यांना वळसा घालून पार रस्त्यापर्यंत गेलं.

सगळा मांडव शिवाकडं वळला. तो डीजेपाशी तसाच हात वर करून उभा होता. मग हात खाली आला. तो चालत पुढं आला, लेकीसमोर बसला, आणि ज्या हातात घड्याळ होतं तोच हात हळदीच्या वाटीत घातला. पट्टा पिवळा झाला. त्यानं तो पुसला नाही.

काशीनं श्वास घेतला. अजून अकरा नावं होती. तिनं पुढचं घेतलं.