स्वादुपिंडात काही दिसले नाही

या वेळी टंकलेखक खरोखर उपाशीपोटी आले होते. आदल्या संध्याकाळपासून पाण्याशिवाय काही घेतलं नाही, असं त्यांनी दारातूनच सांगितलं. डॉक्टरबाईंनी दिवा लावून त्यांचे डोळे बघितले. बुबुळांभोवतीचा पांढरा भाग पिवळाजर्द झाला होता. पंधरा दिवसांच्या रजेवर गेलेला माणूस असा परत आला होता. बाई एवढंच म्हणाल्या, "झोपा. शर्ट वर घ्या."

त्या सोनोग्राफी केंद्रात टंकलेखकांना सगळे 'स्वल्पविराम' म्हणत. एका रुग्णाच्या रिपोर्टात स्वल्पविराम राहिला म्हणून ते बसथांब्यापर्यंत धावत गेले होते आणि बसमध्ये चढत्या माणसाच्या हातून कागद परत घेऊन आले होते. ही गोष्ट खरी होती आणि ते स्वतःच ती सगळ्यांना सांगत. एकवीस वर्षं त्यांची खुर्ची याच अंधाऱ्या खोलीत, पडद्यापलीकडे होती. बाई तपासता तपासता बोलायच्या, ते टंकायचे. रुग्णाच्या घरच्यांना वाचता यावा म्हणून रिपोर्ट आपल्या भाषेत द्यायचा, हा बाईंचा हट्ट. बाकीचे डॉक्टर हसायचे. हसोत बापडे.

बाई मात्र बोलताना शब्दांची शेपटं खायच्या. 'पित्ताशयात खडा' म्हणायचं तिथे 'पित्ताशय खडा' म्हणून पुढे जायच्या. टंकलेखक प्रत्यय जागच्या जागी बसवायचे. "तुम्ही रोगी तपासा, मी व्याकरण तपासतो," असं म्हणायचे. आणि वर, "एकवीस वर्षांत ध चा मा केला नाही, बाई. सही डोळे मिटून करा."

बाई करायच्या. तिथेच घोडं पेंड खात होतं.

चार महिन्यांपूर्वी एका दुपारी टंकलेखक म्हणाले होते की बेंबीच्या वर दुखतं आणि दुखणं पाठीत जातं. "या, दोन मिनिटांत बघते," बाई म्हणाल्या. घरचा माणूस म्हणून त्यांना नंबरावाचून आत घेतलं, आणि घरचा माणूस म्हणूनच घाईत उरकलं. बाहेर नऊ जण बसलेले. टंकलेखकांची चहा-बिस्किटं नुकतीच झालेली, त्यामुळे पित्ताशय आकसलेलं आणि जठरात वायू भरलेला. वायूपुढे हे यंत्र आंधळं होतं. स्वादुपिंड जठराच्या मागे, अगदी खोल असतं. परका रुग्ण असता तर बाईंनी त्याला पाणी पाजलं असतं, कुशीवर वळवलं असतं, उठवून बसवलं असतं, नाहीतर सरळ उद्या उपाशी या म्हणून परत पाठवलं असतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

त्या दिवशी बाई यंत्राच्या पडद्याकडे बघत वैतागून म्हणाल्या होत्या, "स्वादुपिंड काही दिसत नाही." उद्या या, असं सांगायचं त्यांच्या मनात होतं. तेवढ्यात पुढच्या पेशंटला चक्कर आली आणि त्या बाहेर धावल्या. टंकलेखकांनी पोटावरचं जेल पुसलं, आपल्या खुर्चीत बसले आणि स्वतःचा रिपोर्ट स्वतः टंकला. संध्याकाळी पंचवीस कागदांच्या गठ्ठ्यात त्यावर सही झाली.

आज सकाळी बाईंनी तो जुना रिपोर्ट काढून वाचला होता. म्हणजे पहिल्यांदाच वाचला होता. त्यात लिहिलं होतं: स्वादुपिंडात काही दिसले नाही.

त्या एका 'त'कडे बघत त्या दहा मिनिटं बसून राहिल्या होत्या. त्यांना दिसलं नव्हतं ते स्वादुपिंडच. कागद मात्र सांगत होता की स्वादुपिंड दिसलं आणि ते चांगलं आहे.

आता त्यांनी प्रोब उजव्या बरगडीखाली टेकवला. "श्वास घ्या. रोखा. सोडा." पुन्हा घेतला, पुन्हा रोखला. मग त्यांनी टंकलेखकांना दोन पेले पाणी प्यायला लावलं, डाव्या कुशीवर वळवलं, उठवून बसवलं, परत निजवलं. गेल्या वेळी जे जे केलं नव्हतं ते सगळं केलं. आज स्वादुपिंड दिसलं.

खोलीत नुसती यंत्राच्या पंख्याची घरघर होती.

"बाई, आज बोलत नाही तुम्ही," टंकलेखक म्हणाले. "खुर्ची रिकामी आहे म्हणून होय? बोला. मी मनात टंकतो."

एकवीस वर्षांत त्यांनी बाईंचं गप्प होणं कितीदा ऐकलं होतं. त्याचा अर्थ त्यांना सांगायला नको होता. बाई बोलू लागल्या.

"पित्ताशय फुगलेलं. आत खडे नाहीत."

"हं."

"पित्तनलिका रुंदावलेली. चौदा मिलिमीटर."

"सहापर्यंत ठीक असते ना?"

"हो."

"पुढचं वाक्य स्वादुपिंडाचं," टंकलेखक म्हणाले. त्यांनी छताकडे नजर लावली होती.

"स्वादुपिंडाच्या डोक्याकडच्या भागात गाठ. तीन सेंटीमीटर. पित्ताची वाट तिनेच अडवली आहे."

त्यांनी छतावरची नजर बाईंकडे वळवली. मग हळूच विचारलं, "पूर्णविराम?"

"स्वल्पविराम," बाई म्हणाल्या. त्या यंत्रावरची बटणं उगाच चाचपत होत्या. "आजच सीटी स्कॅन करायचा. शेजारच्या रक्तवाहिन्या मोकळ्या असल्या तर शस्त्रक्रिया होऊ शकते. मी सर्जनशी बोलते."

टंकलेखक उठून बसले. जेल पुसता पुसता त्यांनी तो प्रश्न विचारलाच. "चार महिन्यांपूर्वी नव्हती ना, बाई?"

'नव्हती' म्हणणं फार सोपं होतं. कागद बाईंच्या बाजूने होता. या माणसाने स्वतःच्या हाताने टंकलेला कागद. त्या 'नव्हती' म्हणाल्या असत्या तर त्याला बरंही वाटलं असतं. निदान नशिबाला बोल लावता आला असता. बाईंना त्या क्षणी स्वतःची लाज वाटली, कारण तो शब्द त्यांच्या जिभेवर आला होता.

"होती की नव्हती, मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "मला स्वादुपिंड दिसलंच नव्हतं."

"पण तुम्ही म्हणालात की काही दिसत नाही."

"'स्वादुपिंड काही दिसत नाही' असं म्हणाले होते मी, भाऊ."

टंकलेखकांचे ओठ हलले. ते वाक्य ते पुन्हा टंकत होते. बोटंही मांडीवर हलली आणि एका जागी थांबली.

"'त' मी घातला," ते म्हणाले. "मला वाटलं, नेहमीसारखा तुम्ही खाल्लात." मग ते हसले. ते हसणं बाईंना बघवेना. "झाला की हो ध चा मा. तोसुद्धा स्वतःच्याच पोटावर."

"सही माझी आहे," बाई जरा जोरानेच म्हणाल्या. "तुमचं काम टंकायचं, माझं वाचायचं. मी वाचलं नाही. पाणी पाजलं नाही. उद्या या म्हटलं नाही. तीन चुका माझ्या आहेत. तुमचं एक अक्षर त्यात आणू नका."

त्या पडद्यापलीकडे गेल्या आणि टंकलेखकांच्या खुर्चीत बसल्या. दोन बोटांनी, अक्षरं शोधत, त्यांनी आजचा रिपोर्ट टंकला. टंकलेखक शर्टाची बटणं लावत मागे उभे राहिले. शेवटी बाईंनी आणखी एक ओळ लिहिली: मागील तपासणीत मला स्वादुपिंड दिसले नव्हते, तरीही त्यात काही नसल्याच्या रिपोर्टावर मी न वाचता सही केली.

"रिपोर्टात 'मी' नसतो, बाई," टंकलेखक हळूच म्हणाले. "तुम्हीच शिकवलंत. आणि हा कागद उद्या तुमच्याच गळ्याशी येईल. काढा ती ओळ."

"राहू दे."

ते वाकले, ओळ परत वाचली, आणि 'तरीही'च्या आधीचा स्वल्पविराम बरोबर आहे, एवढंच म्हणाले. बाईंनी कागद काढला. प्रत्येक शब्दावर बोट ठेवून वाचला आणि मग सही केली.

"आमच्या हिला 'त'चं सांगू नका," दाराशी टंकलेखक म्हणाले. "बाकी सांगा. मला नाही जमायचं."

त्यांची बायको बाहेरच्या बाकावर, पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती. बाई तिच्याशेजारी बसल्या आणि काही न लपवता सांगितलं: गाठ आहे, कावीळ तिच्यामुळे आहे, आज सीटी करायचा, आणि चार महिन्यांपूर्वी नीट तपासायला हवं होतं ते मी तपासलं नाही.

बायकोने ऐकून घेतलं. मग पर्स उघडून चार घड्या घातलेला एक कागद काढला. घड्यांवर तो झिजला होता.

"पण यात तर काही दिसलं नाही लिहिलंय," ती म्हणाली. "हे बघा ना. मी जपून ठेवलाय."

"ते चुकीचं आहे, वहिनी. चूक माझी आहे."

बायकोने कागदाकडे पाहिलं, मग दारात उभ्या असलेल्या नवऱ्याकडे. बाई वाट बघत होत्या. तिने ओरडावं, शिव्याशाप द्यावेत, हात उगारावा. त्यांनी मनाची तयारी केली होती. पण ती बाईंशी बोललीच नाही.

"अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही रात्री कण्हायचात, तेव्हा मी हा कागद तुमच्यापुढे धरायचे. म्हणायचे, डॉक्टरांनी लिहून दिलंय काही नाही म्हणून, आता पुरे करा नाटकं."

"असू दे गं," टंकलेखक म्हणाले.

"रोज म्हणायचे हो."

ते येऊन तिच्या दुसऱ्या बाजूला बसले. तिच्या हातातला कागद त्यांनी घेतला, पुन्हा त्याच घड्या घातल्या आणि स्वतःच्या खिशात ठेवला. बाईंना उठायला हवं होतं, तपासणीसाठी आणखी सात जण उपाशी बसले होते. त्या उठल्या नाहीत.