हेदपाड्याचा साकव

"बापसानं दाने पाहायचे नि लेकीच्या माहेराला साकव द्यायचा. झाक सेटिंग हाय," ढवळू बोलला, नि समाजमंदिरातल्या सगळ्या माना टेबलाकडं वळल्या.

हा ढवळू वडपाड्याचा मेंबर. भिवंडीच्या गोदामात हमाली करून आलेला, तोंडाला लगाम नाय. नि बोलला तो आमच्या सरपंचबाईला, चंदनाला. ती समोर टेबलामागं बसलेली. मी बी पंचातला एक, तिच्या बाजूच्या खुर्चीवर. मला वाटलं आता ही टेबल उलटं करते. पन ती नुसती बापसाकडं पाहत राहिली.

झालं असं होतं. मोखाड्याहून एकाच साकवाला मंजुरी आलेली, नि पाडे दोन. वडपाड्याचा ओहोळ वेगळा, हेदपाड्याचा वेगळा. पावसात वडपाड्याची पोरं शाळेत जात नाय. हेदपाड्याला कोन आजारी पडलं तर डोलीत घालून ओहोळाशी आनायचं नि पानी उतरायची वाट पाहायची. कोनाचं खोटं बोलावं? ग्रामसभेत हात वर केले तर निम्मे इकडं, निम्मे तिकडं. ग्रामसेवक भाऊसाहेब घड्याळ बघायला लागला. तवा म्हातारी मानसं बोलली, गावदेवापुढं दाने पाहू.

आमच्यात हे चालतं. भगत सुपात तांदळाची चिमूट टाकतो नि जोडीजोडीनं दाने बाजूला सारतो. जोडी पुरी झाली तर वडपाडा, दाना उरला तर हेदपाडा, असं बोलून घेतलं. भगत म्हनजे पुंजा. चंदनाचा बापूस, हेदपाड्याचा. दुसरा भगत गावात नाय तर आनायचा कुठून?

दाना उरला.

"मी ठरावात दाने कसे लिहू?" भाऊसाहेब बोलला.

"सर्वानुमते लिहा," मी बोललो, "दाने कोन विचारतो."

नि मंग ढवळूनं ती सेटिंगची गोष्ट काढली.

पुंजा हळूच बोलला, "ढवळू, देवाच्या सुपात मी बोट घालीत नाय."

"देवाला कुठं बोलतोय मी, मामा? देव काय इलेक्शनला उभा नाय."

चार जन हसले. तेवढं हसू चंदनाला लागलं. बाई सरपंच झाली तवापासून तिनं लय ऐकलं होतं. नवरा चालवतो, भिका म्हनजे मी चालवतो, भाऊसाहेब चालवतो. आता बापूस.

"लिहा भाऊसाहेब," ती बोलली. "साकव वडपाड्याला."

"बाय, दाना उरलाय," मी बोललो.

"उरू दे, भिकादादा. मला या खुर्चीवर अजून बसायचंय. रोज हेच ऐकू काय?"

"गावदेवाचा दाना मोडू नको गो," मागून एक म्हातारी बोलली.

"देव रागावला तर माझ्यावर रागवंल. लिहा तुमी." मंग बापसाकडं न बघता बोलली, "हेदपाड्याचा पुढल्या खेपेला घेऊ."

ढवळूलाच कळंना आता कुठं बघावं. भांडायला आला होता, नि भांडन संपलं. पुंजानं सुपातले तांदूळ गोळा करून उपरन्याच्या टोकाला बांधले नि गेला.

साकव पावसाआधी उभा राहिला. चांगला झाला. वडपाड्याची पोरं चपला न भिजवता शाळेत जायला लागली. मी सोता त्याच्यावर उभा राहून बिडी ओढली.

मंग आवनी आली, भाताची लावनी. पाऊस असा की बांधावरून पलीकडची म्हैस दिसंना. खाचरात चिखल मांडीपर्यंत, रोपाचा हिरवा वास अंगाला चिकटलेला. हेदपाड्याला पुंजाची बायको, पोशी, चंदनाची आयस, आवनी करीत होती. बांधावरची रोपाची मूठ उचलायला गेली नि मुठीखालचं फुरसं तिच्या हाताला डसलं.

हेदाच्या झाडाखाली फोन लागतो, तिथून कोनीतरी चंदनाला सांगलं. ती पंचायतीतून तशीच निघाली, जीप घेतली, मला घेतलं. जीप ओहोळापर्यंत गेली. पलीकडं डोली येऊन थांबलेली. अलीकडं जीप, इंजिन चालू. मधी पानी. तांबडं, झाडंझुडपं घेऊन चाललेलं. दगड मारला तर पलीकडं पडंल एवढंच रुंद, पन मानूस जायचा नाय. वडपाड्याचा साकव दुसऱ्या ओहोळावर, त्याचा इकडं उपेग नाय.

ढवळू कुठून आला ठाव नाय. कमरेला दोर बांधून आला नि सरळ पान्यात शिरला. पान्यानं त्याला लोळवला. आमी दोर ओढून काढला. गुडघा फुटलेला. पुन्ना शिरला, पुन्ना काढला. तिसऱ्या टायमाला आमी दोर सोडूनच घेतला त्याचा. खाली बसून आमाला आयभैनीवरून शिव्या देत राहिला.

चंदना काठावर उभी राहून हाका मारीत होती. "आये, ये आये." पान्याच्या घोंघाटात माझ्यापर्यंत येईना, तर पलीकडं काय जातंय? पन पोशीनं पाहिलं. डोलीतून हात बाहेर काढून हालवला. मला वाटलं बोलावते. चंदना दोन पावलं पान्याकडं गेली, तवा तो हात जोरानं हालला. मंग कळलं. ती "मागं हो" बोलत होती. काठ ढासळत होता ना.

चंदना मागं सरली. तवा हात खाली गेला.

दिवेलागनीला पानी उतरलं. जीपचं काम राहिलं नव्हतं.

गावात कुजबूज झाली, दाना मोडला म्हनून झालं. चंदनानं ऐकलं असंल. ती रोज पंचायतीत येऊन बसायची, नळाची तक्रार ऐकायची, दाखल्यावर सही करायची. हेदपाड्याला बाराव्यापुरती गेली. पुंजा तिच्याशी एक शब्द बोलला नाय. ना चांगला, ना वाईट.

दसऱ्याआधी ग्रामसभा लागली. भाऊसाहेबानं साकवाचा विषय वाचला तसा ढवळू उठला. "हेदपाड्याचा पयला घ्या. सूचक म्हनून माझं नाव लिहा."

"अनुमोदक?"

सगळे हात वर. निम्मे नाय, सगळे.

"एकच नाव लागतं," भाऊसाहेब बोलला.

"माझं लिहा," मागून पुंजा बोलला.

चंदनानं मान वर केली. "बाबा, एवढ्या दिसांनी बोललास तं हे बोललास. मला काय बोलायचं ते बोल ना. चार मानसांत शिव्या दे, पन बोल."

"तुला काय बोलू, बाय?" पुंजा उभाच राहिला. "तू वडपाड्याला दिलास, त्या दिसी घरी जाऊन तुझ्या आयसला सांगलं. नागलीची भाकर थापीत होती."

"मंग?"

"बोलली, बरं केलं पोरीनं. तिकडची पोरं बारकी हायत."

"नि?"

"नि काय नाय."

"बाबा."

पुंजानं उपरन्यानं तोंड पुसलं. "मंग ती भाकर उगीच उलटीपालटी करीत बसली. बोलली, म्हनजे औंदा बी पावसाचे चार महिने पोर दिसायची नाय."

चंदनानं पदराचा बोळा तोंडात धरला. एवढ्या दिसांत तिला रडताना मी पाहिली नव्हती. ढवळू उठून भाईर गेला. भाऊसाहेबानं पेनाला टोपन लावलं.

बऱ्याच येळानं तिनं पदर सोडला. टेबलावर काय नव्हतं, तरी हातानं टेबल पुसलं.

"पुढला विषय काय हाय?"

"दिवाबत्ती, म्याडम. शाळेपुढचा खांब."

"वाचा."