दाणेदार कातडं

दगडू बाइंडर कामात भारी हट्टी. महूच्या वस्तीने बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेल्यांच्या सह्यांची पानं बांधायला इंदूरला त्याच्याकडे पाठवली, आणि त्याचा हट्ट दुप्पट झाला. पहिल्या पानावर त्याच्या बायकोची, गयाबाईची सही होती. बाकी बायकांनी अंगठे उठवले होते. हिने पन्नाशीत अक्षरं गिरवून स्वतःचं नाव लिहिलं, तेही एवढालं, की पान तिला एकटीलाच लागलं. दोन महिन्यांत ती गेली. जन्मात लिहिलं ते तेवढंच. ते पान कधी निसटू नये, एवढीच दगडूची इच्छा होती.

त्याने बकऱ्याचं कातडं भिजवलं, दुमडून लाकडी फळीखाली चोळलं, आधी उभं, मग आडवं. तीन दिवसांनी त्यावर बाजरीएवढा दाणा उठला. बोटं आखडली, पण गडी खूश होता. पुठ्ठा त्याने घातलाच नाही. पहिलं पान खळ लावून आतून थेट कातड्यालाच चिकटवलं.

पौर्णिमेला तो वही घेऊन महूच्या विहारात गेला. गयाबाईची बहीण भीमाबाई वहीवरून हात फिरवत म्हणाली, "किती मऊ आहे हो दाजी! काय लावलंय?"

"बकऱ्याचं कातडं. साहेबलोकांच्या किताबांना लावतात ते."

भीमाबाईने हात मागे घेतला. कमिटीचा सेक्रेटरी शरद हळूच म्हणाला, "दादाजी, ढोर ओढायचं नाही, कातड्याला हात लावायचा नाही, अशी कसम खाल्ली ना आपण? आणि याच वहीला?"

दगडूच्या खरंच ध्यानात आलं नव्हतं. कातडं म्हणजे बापाच्या खांद्यावरचं, घाण वासाचं. हे तर रंगवून, गठ्ठ्यात बांधून मद्रासहून यायचं. त्याच्या लेखी ते कागदासारखंच सामान. पण शरद खोटं बोलत नव्हता, आणि त्याचाच दगडूला जास्त राग आला.

"कव्हर काढून टाका. कपडा लावू," शरद म्हणाला.

"पहिलं पान निघणार नाही. पाणी लावलं तर शाई फुटेल, सुरी घातली तर कागद फाटेल."

भीमाबाई रडू लागली. शरदचा चेहरा उतरला, पण तो मागे हटला नाही. "मग नाव परत लिहू, दादाजी. मी लिहितो, एकदम बढिया अक्षरात."

दगडूने पिशवीतून सुरी काढून स्वतःच दोरे कापले. वही शरदच्या हातात दिली, गयाबाईचं पान चिकटलेलं कातडं पंच्यात गुंडाळलं.

"नको लिहू," तो म्हणाला. "तिला येत होतं."