नावाचा रकाना

साखरबाईच्या हातातून मोबाईल काढून घेतला नाही, असं माणूस अख्ख्या राहू गावात एकच निघालं. तिची भाची ऋतिका. बाकीचे सगळे "आणा इकडं" म्हणायचे, फटाफटा बोटं फिरवायचे अन् "झालं बघा" म्हणून परत द्यायचे. झालं ते त्यांचं. हिच्या पदरात काय पडायचं? कप्पाळ!

ऋतिका मांडवगण फराट्याची, भावाची पोर, चार दिवस आत्याकडं राहायला आलेली. घरातले दिवे, पंखे, घंटा मोबाईलशी जोडणारं एक सॉफ्टवेअर आहे. ते कुठल्या कंपनीचं नाही. जगभरातली माणसं मिळून ते फुकटात घडवतात, कुणीही घ्यावं, कुणीही सुधारावं. पण बसवायला मात्र जाणकारच लागायचा. नवख्या माणसालाही ते जमावं म्हणून ऋतिका त्याची मोबाईलवर दिसणारी सुरुवातीची पानं मराठीत सोपी करत होती. म्हणाली, आत्या, तूच बसव, मी नुसती बघत बसते.

साखरबाईला गरजही तशीच होती. नवऱ्याला, साहेबरावांना, लकवा मारलेला. उजवी बाजू गेली अन् वाचाही गेली. त्यांना एकटं टाकून शेवंतीच्या रानात जायचं कसं? पुतण्या भारत ते रान वाट्यानं मागत होता, उत्तरासाठी हात धुऊन मागं लागला होता. शेवंतीचं एकेक रोप बाईनं स्वतः लावलेलं. ते दुसऱ्याच्या हाती जाणार म्हटलं की तिचा जीव तीळ तीळ तुटायचा.

बेत साधा होता. पलंगाशी बटण ठेवायचं; साहेबरावांनी डाव्या हातानं ते दाबलं की रानात हिच्या मोबाईलनं बोलून सांगायचं. चष्मा लावून बाई एकेक पान वाचत गेली. अडली, चुकली, परत मागं आली. ऋतिका दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलेली. केवढा तो पोरीचा धीर! शेवटच्या पानावर विचारलं होतं, बटण कोण वापरणार, नाव लिहा. साखरबाईनं तो रकाना कोरा सोडला अन् पुढं गेली. यंत्रानंही कुरकुर केली नाही.

सकाळी ती फुलं तोडत असताना कमरेला खोचलेला मोबाईल खणखणीत बोलला, "घरातून अनोळखी व्यक्ती बोलावत आहे."

अनोळखी? घरात शिरलं तरी कोण? पाटी तिथंच टाकून ती बांधाबांधानं पळत सुटली. दारात पोचते तर आत साहेबराव एकटेच, हातात बटण. त्यांना पाणी हवं होतं. ही धावाधाव भारतच्या कानावर गेली तेव्हा तो म्हणाला, काकी, हे तुमच्यानं व्हायचं न्हाई. अन् तिलाही ते पटायला लागलं.

ऋतिकानं विचारलं, नाव का लिहिलं नाहीस?

"त्यांचं नाव म्या कवा घेतलंय का?" साखरबाई खालमानेनं म्हणाली. "लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच."

ऋतिका हसली नाही. कपाळाला हात लावून बसली. मग म्हणाली, "आत्या, तू न्हाई चुकलीस. माझं पान चुकलं."

एवढी शिकलेली पोर, अन् चूक आपल्या अंगावर घेते! साखरबाईला तिचं फार कौतुक वाटलं. दिवसभर ऋतिका लॅपटॉपला चिकटून होती. कुठल्या कुठल्या मुलखातल्या जोडीदारांना तिनं आत्याची अडचण कळवली. त्यातल्या एकानं लिहिलं, आमच्याकडंही बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, आम्हाला हे कधी सुचलंच नाही. पान बदललं, सगळ्यांसाठीच बदललं. आता तिथं नाव मागत नाहीत. विचारतात, तुम्ही यांना हाक कशी मारता?

साखरबाईनं पदर तोंडाला लावला अन् दुसऱ्या हातानं एकेक अक्षर दाबत लिहिलं.

दुसऱ्या दिवशी तोडणी रंगात आली होती. भारत उत्तर घ्यायला बांधावर येऊन उभा राहिला, तेवढ्यात मोबाईल बोलला, "अवो बोलावत आहेत."

तोडणाऱ्या बाया खिदळायला लागल्या. साखरबाईचा चेहरा लाललाल झाला, पण पाटी तिनं नीट बांधावर टेकवली.

"रान न्हाई द्यायचं, बाबा," ती भारतला म्हणाली, अन् घराकडं निघाली. या वेळी ती पळाली नाही, चालत गेली.